नानांचे केसाएवढे चरे

रामदास नानांच्या घरात गुळगुळीत भांडं शिल्लक नाही. ताटल्या, डब्यांची झाकणं, बायकोची, म्हणजे अक्कांची, कणकेची परात, सगळ्यांवर केसाएवढे बारीक चरे.

नाना जळगावला, पिंप्राळ्यात, माझ्या शेजारी राहतात. हयात धुळ्याच्या एका वर्कशॉपात लेथवर गेली. निवृत्तीनंतर एकच ध्यास लागला, पाणी लवकर कसं वाळेल याचा. जळगावच्या उन्हात त्यासाठी माणूस कशाला लागतो, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी मला बसवूनच घेतलं. दोन पत्रे पाण्यात उभे केले. साध्या पत्र्यावर पाणी जागचं हललं नाही. चरे पाडलेल्यावर आपोआप वर चढलं आणि अख्खा पत्रा ओला झाला.

"पानी जाडं बठनं का आयशी व्हस," नाना म्हणाले. जाड थरातलं पाणी आळशी, पातळ पसरलं की ते भराभर उडतं आणि जाताना पत्रा गार करून जातं, हे मग अर्धा तास.

चरा रुंद झाला तर पाणी चढायचं नाही, उथळ राहिला तर अर्ध्यातच वाळायचं. रोज नवा पत्रा, नवं माप. पोस्टमनलासुद्धा त्यांनी घड्याळ धरून उभं केलं होतं. अक्कांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ती पत्र्याची करकर त्या सोसतात, असं मी सगळ्यांना सांगायचो.

यंदा मे महिन्यात अक्कांना ऊन बाधलं. बघायला गेलो, तर मुलीनं पाठवलेला नवाकोरा कूलर कोपऱ्यात बंद. माझं डोकं फिरलं. या वयात बायकोवर प्रयोग करता का, असंही बोलून गेलो. नानांनी हातातला पत्रा पुसून बाजूला ठेवला.

"कूलर चालू ऱ्हायना का तिले मन्हं बोलनं ऐकू येस नही," ते म्हणाले. "मंग तीबी बोलनं सोडी देस. सारा उन्हाळा."

मग उठून त्यांनी स्वतःच कूलर लावला. अक्का बऱ्या होईपर्यंत बंद केला नाही. त्या आठवड्यात त्या घरातून कूलरच्या घरघरीशिवाय आवाज आला नाही.

नंतर आम्ही दोघांनी मिळून ते सगळे पत्रे पश्चिमेच्या खिडकीत ओळीनं टांगले, खाली पाण्याची पन्हळ ठेवली. खरं सांगायचं तर कूलरची सर नाही. भर दुपारी कूलरच लागतो. पण ऊन कललं, वारा सुटला, की खोलीत बसवतं.

परवा संध्याकाळी डोकावलो. कूलर बंद होता. अक्का माहेरची, पिंपळनेरची, कुठलीशी हकिगत सांगत होत्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली. नानांनी ती कितीदा ऐकली असेल. मला पाहून अक्का थांबल्या.

नाना त्यांच्या कानाशी वाकले.

"मंग? फुढे काय व्हयनं?"