मैनाबाईंना पत्र पाठवायला लागणारी कागदपत्रे

परतवाड्याजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक जानराव खंडारे यांनी एका मंगळवारी आपल्या थोरल्या बहिणीला पत्र लिहिले. बहीण मैनाबाई अकोल्याच्या जुन्या शहरात राहत. नऊ वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नपत्रिकेत आपले नाव चुलतभावाच्या खाली छापले, एवढ्यावरून जानराव मांडवातून न जेवता उठले होते आणि जाताना बहिणीला नको ते बोलले होते. तेव्हापासून मैनाबाई त्यांचा फोन उचलत नसत. आता वीस तारखेला मैनाबाईंच्या हृदयाचे ऑपरेशन होते. त्याआधी ‘चुकलो’ म्हणायचे, म्हणून पत्र.

डाकघरातल्या लाल पेटीचे तोंड पत्रा ठोकून बंद केले होते. पत्र्यावर सूचना होती : ‘निनावी टपालास आळा बसावा म्हणून यापुढे पत्रे खिडकीवर, ओळख पटवूनच स्वीकारली जातील.’

खिडकीत कुलदीप गावंडे होता.

“मले ओळखलं का?” जानरावांनी विचारले.

“ओळखतो ना सर. पाचवीत तुमीच शिकवलं मले. पण मी ओळखून काय फायदा? सिस्टीमनं ओळखलं पायजे.”

जानरावांनी आधार कार्डाची झेरॉक्स दिली. कुलदीपने ती आणि पत्र अर्जाला टाचले, त्यावर शिक्का मारला आणि मैनाबाईंचेही आधार मागितले. ते भाच्याने मोबाइलवर पाठवले. त्यावर आडनाव सासरचे असल्याने नात्याचा पुरावा लागला. जानरावांनी दोघांचे शाळेचे दाखले शोधून आणले. एकावर ‘खंडारे’ होते, दुसऱ्यावर ‘खंदारे’. दोन्ही एकच, असे प्रतिज्ञापत्र झाले. यात सहा दिवस गेले.

“आता पत्राचं कारण,” कुलदीप म्हणाला. “सांत्वन, अभिनंदन, व्यापार, शासकीय का इतर?”

“माफी.”

“माफी नाई यादीत. इतर टाकतो. इतरले घेणाऱ्याची लेखी संमती लागते, मूळ प्रतीत.”

“मंग ती कशी मागवू?”

“पत्र पाठवून मागवा.”

“अरे, पत्र तं तूच घेऊन नाई राहिला!”

“म्हणूनच सांगून राहिलो सर, संमती आना.”

मागे रांगेत उभे असलेले श्रावणजी पुढे झाले. त्यांच्या हातात स्वतःच्या कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल होती. “सर, नियम चांगला हाये,” ते समजुतीने म्हणाले. “ज्याच्या मनात पाप नाई, त्याले चार झेरॉक्स काहून जड जाव्या?” रांगेने माना डोलावल्या.

अठरा तारखेला जानराव एसटीने अकोल्याला गेले. दार मैनाबाईंनीच उघडले. त्या खूप वाळल्या होत्या.

“काहून आला?”

“तुही सही पायजे.”

“कशावर?”

“मी तुले पत्र पाठवलं तं तुले चालते, याच्यावर.”

मैनाबाईंनी संमतीचा कागद लांब धरून वाचला. “काय लिहिलं पत्रात?”

जानराव उंबऱ्याबाहेरच उभे होते. “चुकलो म्हणून लिहिलं, बाई,” ते म्हणाले.

मैनाबाई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, “आत ये. त्या दिवशी जेवला नाई तू, आज तरी जेव.” वाढता वाढता त्यांनी सही केली. “पत्र पाठवजो पन. बोललेलं मी इसरून जाईन. कागद उशाशी ठेवता येते.”

ऑपरेशन नीट झाले. चार दिवस दवाखान्यात बसून जानराव परतले आणि संमतीपत्र खिडकीत सरकवले. कुलदीपने संगणकात पाहिले.

“सर, सही घ्याले तुमी सोता गेले होते?”

“हो.”

“मंग भेट झाली. भेट झाल्यावर पत्राचं प्रयोजन संपते. अर्ज निकाली.”

“बरं, माहं पत्र तरी वापस दे.”

“ते आता तुमचं नाई. पोचल्याबिगर तिचंबी नाई. ते फाइलीचं हाये.”

जानरावांनी घरी येऊन तेच पत्र वहीच्या कागदावर पुन्हा लिहिले आणि दुसऱ्या दिवशी बसने नेऊन बहिणीच्या हातात दिले. कंडक्टरने त्यांना काहीही विचारले नाही.

त्या तिमाहीच्या अहवालात ‘दुरावलेल्या नातेवाइकांची प्रत्यक्ष भेट घडवणे’ या सदरात डाकघराच्या नावे एक प्रकरण जमा झाले. नियम कायम करण्यापूर्वी कार्यालयाने रीतसर महिनाभर हरकती मागवल्या. त्या फक्त टपालाने पाठवायच्या होत्या. एकही आली नाही. तेव्हा नियम सर्व नागरिकांच्या एकमुखी संमतीने मंजूर झाल्याची नोंद आहे, आणि त्या नागरिकांत, वाचकहो, तुम्हीही धरलेले आहात.