मलकाप्पांची हरळी

दुष्काळाच्या वर्षी मी एक हिरवळ पाणी पाजून मारली. घागरभर पाण्यासाठी माणसं कोसभर चालत असताना असलं काम करायला वेगळी अक्कल लागते. ती माझ्याकडे होती, डिप्लोम्यासकट.

नळदुर्गजवळच्या आमच्या दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर मी सुपरवायझर होतो. हापिसापुढं चार खाटा मावतील एवढा गवताचा तुकडा होता आणि तो राखायला मलकाप्पा. साठीचा माणूस, अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल. रोज सकाळी ते गुडघे टेकून बसत, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसत, काढून गालाला लावत आणि डोळे मिटून ओल जोखत. मग निकाल लागे.

"साकु!"

कानडीत साकु म्हणजे पुरे. दहातले नऊ दिवस हाच निकाल. दहाव्या दिवशी बोट कोरडं निघालं की मात्र एकदाच, पण पोटभर पाणी.

"तहान लागली की मूळ खाली जातंय, साहेब. रोज तोंडात घातलं की वरच लोळत पडतंय."

हा कायदा गवतापुरता नव्हता. त्यांच्या खोलीवर चहा अर्धा कपच मिळायचा. एकदा मी कप पुढं केला तर म्हणाले, "साकु. उद्या यावंसं वाटाया पायजे."

ते गवत म्हणजे साधी हरळी. ती त्यांनीच आणलेली. माकणीकडचं त्यांचं रान धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा बांधावरच्या मूठभर काश्या, म्हणजे हरळीची मुळं, धोतराच्या सोग्यात बांधून ते निघाले होते.

"माझ्या बापानं हिला शिव्या देत खणली, म्याबी खणली. सरली न्हाय. रान गेलं, ही ऱ्हायली."

म्हणून त्या तुकड्याला ते 'माझं रान' म्हणत. आम्ही हसायचो. "मामा, औंदा रानाला उतारा किती?" हा विनोद माझा. वर्षभर मी तो पुरवून वापरला.

अशात जिल्ह्याच्या दूध संघाचे अध्यक्ष केंद्राच्या भेटीला येणार असं कळलं. दुष्काळ म्हणून मलकाप्पांनी दहाव्या दिवसाचं पाणीही बंद केलं होतं आणि हरळी वाळून पिवळी पडली होती.

"मामा, ही मेली की!"

"मेली न्हाय. निजलीया. निजू द्या."

मला कुठला धीर? केंद्रावर दोन वेळा दुधाचे कॅन धुतले जात आणि ते पाणी गटारानं ओढ्याला जाई. फुकट जाणारं पाणी, तेही दुष्काळात! माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. मी गटार फोडून पाणी हिरवळीत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मलकाप्पांनी बोट घातलं. "साकु, साहेब." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी माझा हात धरला. "लई झालं. ऐका माझं."

मी म्हणालो, "मामा, तुमचं बोट खिशात ठेवा आता."

केंद्रावरचे गडी फिदीफिदी हसले. मलकाप्पांनी खरंच हात बंडीच्या खिशात घातला.

अध्यक्ष आले तोवर सगळं हिरवंगार झालं होतं. "दुष्काळात असली हिरवळ! वा!" फोटो निघाला. त्यात मी मधोमध आहे, छाती काढून. मलकाप्पा बाजूला उकिडवे बसले होते. त्यांनी एक पात उपटली, दांडा दोन बोटांत फिरवला आणि मला दाखवला.

"तीनधारी हाय. ह्यो लव्हाळा. पाण्याचा सोयरा. हरळी खाली गुदमरतीया."

मग त्यांनी खुरपं घेतलं. लव्हाळ्याची एक गाठ काढावी तर दुसरी खाली तयार. महिनाभर ते वाकून खणत होते. "ओल हाय तवर ह्यो जायचा न्हाय," एवढंच म्हणत. शेवटी मी गटाराचं भगदाड बुजवलं. वरचा लव्हाळा पिवळा पडला, पण गाठी मातीत ठाण मांडून राहिल्या. हरळी मात्र कुजक्या बारदानासारखी हातात आली. खालची मुळं कुजली होती, उरली होती ती वरच्या वर. मलकाप्पांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाणी जिथं पोचलं नव्हतं, त्या फरशीच्या कडेला चार वाळक्या काश्या उरल्या होत्या. त्या त्यांनी टॉवेलात गुंडाळल्या आणि घरी नेल्या.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. माफी मागायलाच गेलो होतो. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मामा, पुण्याहून नवीन गवत मागवू. चांगलं, विलायती."

"पुन्याचं पुन्यातच बरं," ते खालमानेनं म्हणाले. "माझं रान तिकडं न्हवतं."

मी विचारलं, "त्या चार काश्या कुठं लावल्या? जगल्या का?"

ते दाराबाहेर बघत राहिले. त्यांची बायको गंगव्वा कोपऱ्यात जोंधळे पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही, मान वर केली नाही.

"त्यास्नी इचारू नका, साहेब," ती म्हणाली. "सांगितलं की तुमी तितंबी पाणी घालताल."