मानाच्या वायरीच्या दोन टोकांची बखर

श्री. तारेवरून जाते येते ती सर्व तुझीच वार्ता. ती ज्याची त्यास सुखरूप पोचो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी, इंग्रजी महिन्याच्या अखेरच्या दिवशी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही. लिहिले असते तर शेजारची राज्ये म्हणती, आमचे का गाळले.

त्या राज्यात वायरखात्याच्या कारभारीण राजसबाई ढमढेरे होत्या. अंगाने किरकोळ, रागाने भरभक्कम. त्यांच्या ताब्यात एक लोखंडी कपाट, आणि कपाटात छातीइतक्या उंचीवर स्विच; तो म्हणजे चावडी, दफ्तरातील सर्व यंत्रे वायरींनी तेथे येऊन एकमेकांशी बोलत. आणि राउटर म्हणजे वेस. बाहेर राजधानीस निरोप जाणे तो त्याच वाटेने. "कपाटास अर्थिंगची तार द्या," असे बाईंनी वारंवार विनविले, आणि दरबाराने "वीज पडेल तेव्हा पाहू" असे उत्तर केले, आणि मग वीज पडली, आणि राउटर जळाला. वेस गेली, चावडी राहिली. आणि धान्यकोठारातील अंगठ्याचे यंत्र राजधानीस विचारिल्यावाचून कोणास मूठभर गहू देत नसे, म्हणून महिनाभर कोठारात धान्य आणि दारात माणसे ऐसा प्रकार चालला. नवा राउटर आला तो अखेरच्या दिवशी. सूर्यास्ताच्या आत अंगठा न उमटला तर महिन्याचे धान्य बुडाले, ऐसा राजधानीचा कायदा.

बाईंनी कोणाची वाट न पाहता पदर खोचिला, आणि आधी अर्थिंग दिले, आणि मग राउटर कपाटाच्या तळाशी बसविला, कारण जड वस्तू वर चढविली तर कपाट तोंडावर येते, आणि चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळिले, आणि वीज दिली. आता स्विचापासून राउटरापर्यंत एक वायर तेवढी जोडणे उरले. ती बाईंच्या हातात होती, इतक्यात चोपदार धावत आला आणि म्हणाला, "हात आवरा! वायर जोडण्याचा मान अजून ठरायचा आहे."

बाई म्हणाल्या, "मान कसला? टक् आवाज येतो आणि बसते. दारात माणसं ताटकळलीत."

चोपदार म्हणाला, "ते खरं हो. पण मानाच्या कामाला हात लावलात तर नोकरीवर पाणी सोडायचं, असा हुकूम आहे."

मान मागणारे दोन. एक श्रीमंत भुजंगराव, ज्यांनी राउटर मंजूर केला. दुसरे दिवाण अंबाजीपंत, ज्यांनी तो महिनाभर नामंजूर केला होता. मागे पाणवठ्याच्या उद्घाटनास दोघांनी एकच फीत दोन कातरींनी कापिली होती, आणि मधला तुकडा कोणाचा हा वाद अद्याप चालू होता. दोघे लवाजम्यासह दाखल जाहले, आणि तबकात हळदकुंकू, नारळ, आणि चांदीची कातर आली, आणि भुजंगराव म्हणाले, "आधी आम्ही," आणि पंत म्हणाले, "वयाने आम्ही," आणि सूर्य माथ्यावरून कलला.

खिडकीखाली कोठाराची रांग होती. तीतून म्हाळसाबाई नावाची एक बाई रिकामी पिशवी डोक्यावर धरून ओरडली, "ओ राजसताई! आत लगीन लागतंय का काय? अक्षता तरी टाका खाली, त्याच शिजवू!"

रांग हसली. बाईंच्या कानशिलाची शीर उडाली, आणि त्या दोन्ही थोरांपुढे वायर धरून बोलिल्या, "वायरीला दोन टोकं असतात. एकेक घ्या, आणि मोकळे व्हा."

हे रागाने बोलिले होते; दरबाराने सल्ला म्हणून घेतले. "वाहवा, तोड निघाली!" म्हणून टाळ्या पडल्या. भुजंगरावांनी आपले टोक स्विचात बसविले. टक्. उरले पंतांचे, ते तळाशी राउटरात जावयाचे. पंत वाकू लागले, आणि अर्ध्यातच थांबले. समोर भुजंगराव ताठ उभे. त्यांच्यापुढे कमरेत वाकणे म्हणजे भर दरबारात मुजरा. पंत सरळ जाहले आणि म्हणाले, "आम्ही वाकत नसतो." आणि छातीसमोर त्याच स्विचास दुसरे छिद्र मोकळे दिसले, त्यात टोक खुपसून दिले. टक्.

"पंत, तिथे नव्हे!" बाई किंचाळल्या. पण तोवर चावडीतून निघालेला निरोप वायरीच्या एका टोकाने बाहेर पडला आणि दुसऱ्या टोकाने त्याच चावडीत परत आला, आणि चावडीने तो नवा समजून सर्वांस ओरडून सांगितला, आणि तो पुन्हा निघाला आणि परत आला आणि सर्वांस सांगितला आणि निघाला आणि परत आला आणि सांगितला आणि निघाला आणि परत आला आणि निघाला आणि आणि आणि

सर्व यंत्रे गप्प. आतले फोन मेले, छपाईयंत्र अर्धा कागद तोंडात धरून राहिले. स्विचाचे हिरवे दिवे मात्र वेड लागल्यासारखे फडफडू लागले, आणि ते पाहून दरबार म्हणाला, "काय तेज! मान लागू पडला."

"हे तेज नव्हे, वात आहे!" बाई म्हणाल्या. "स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवून खुळावलंय ते. दोनातलं एक टोक काढा."

भुजंगराव म्हणाले, "पंतांनी काढावं."

पंत म्हणाले, "रावांनी काढावं. आधी काढील तो हरला, हे आम्हास कळत नाही होय?"

"मी काढते."

"कोणाचं?" दोघे एकदम बोलिले.

बाईंनी मनात हिशेब केला. रावांचे काढावे तर राव बुडविणार, पंतांचे काढावे तर पंत. खाली रांगेत हसणे संपले होते. ऊन कोठाराच्या पायरीवरून उतरले होते. म्हाळसाबाई आता ओरडली नाही, खिडकीकडे मान वर करून साधेपणी म्हणाली, "ताई, नाही म्हणा, पण काय ते सांगा. पोरं चुलीपाशी बसवून आलेय."

हे ऐकून बाईंच्या मनात ऐसा अंगार उठला की त्यांस नोकरीही दिसेना आणि दरबारही. मोठी माणसे कंबर वाकविणार नाहीत म्हणून गोरगरिबांनी पोट वाकवावे, हा कुठला न्याय? त्यांनी तबकातली चांदीची कातर उचलिली, आणि पुढे जाऊन मानाची वायर बरोबर मध्यावर

कच्.

दिवे शांत जाहले. फोन वाजला. छपाईयंत्राने कागद सोडिला. रावांचे टोक रावांच्या छिद्रात होते, पंतांचे पंतांच्या. कोणाचे काही निघाले नव्हते, म्हणून कोणास काही बोलता येईना. बाईंनी झोळीतून दुसरी, साधी वायर काढिली, एक टोक स्विचात दिले, आणि मग फरशीवर मांडी घालून बसल्या, आणि दुसरे टोक राउटरात दिले. टक्. तळाशी एक हिरवा दिवा लागला आणि लागून राहिला. मग त्यांनी खिडकीतून हाक दिली, "म्हाळसाबाई, अंगठा पुसून घ्या!"

सूर्य टेकला तोवर रांग सरली होती.

सारांश येणेप्रमाणे: अर्थिंगची तार कोणी मंजूर केली याचा शोध चालू आहे. कापलेली दोन टोके अद्याप स्विचास लोंबत असून दसऱ्यास दोहोंस झेंडू वाहतात. आणि मानाची वायर कापिली व थोरांसमक्ष जमिनीवर बसल्या, या दोन अपराधांबद्दल राजसबाईंस बडतर्फीचा हुकूम निघाला. तो राजधानीहून त्याच राउटरातून आला, आणि एका क्षणात, एक अक्षर न गळता, पोचला. इति.