विलासकाकांची शार्दोने

आमच्या आष्ट्यात भर दुपारी ओट्यावर बसून वाइनचा घोट घेणारा, आणि तो कढीपत्त्याच्या बुंध्याशी थुंकून टाकणारा माणूस एकच. आमचे शेजारी विलासकाका. गल्लीला वाटतं, काका पितात. पिणारा माणूस थुंकेल कशाला, एवढा साधा विचार गल्ली करत नाही.

काकांचा उभा जन्म सांगलीच्या बाजारात बेदाण्याची प्रत ठरवण्यात गेला. एक दाणा चावून ते बाग कुठली ते सांगत. व्यापारी चहा पाजून थकले, पण काकांनी हलक्या मालाला कधी चांगलं म्हटलं नाही.

त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात असते. येताना पांढऱ्या वाइनच्या बाटल्या आणते. पहिल्या बाटलीच्या पाठीवर काय लिहिलंय ते तिनं वाचून दाखवलं: लिंबाची साल, ओला दगड. काका उठले, पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं, नाक लावलं आणि ओरडले, "आगं, खरंच की! वास सांगता येतोय!"

हे त्यांना हवंच होतं. एका तापात सुमनकाकूंचा वास आणि चव दोन्ही गेली होती. जिच्या आमटीच्या वासानं गल्ली हातातलं काम टाकायची, ती बाई आता औषध घ्यावं तशी चतकोर भाकरी गिळायची. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. डोळ्यांदेखत बायको वाळत चालली असताना धीर धरणं काकांना जमेना. वास सांगता येत असेल तर आपण तो हिला सांगू, असं त्यांनी ठरवलं.

सराव वाइनवर, कारण तिचं उत्तर बाटलीच्या पाठीवर छापलेलं असतं. काकांनी आधी सांगायचं, मग मी वाचायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून ही नेमणूक. सोव्हिन्यो ब्लाँ नावाच्या वाइनला ते म्हणाले, "कच्चा पेरू, मोडल्याली हिरवी मिरची." रिस्लिंगला, "रॉकेल! पण लय चांगल्या घरातलं." लेबलावर लिंबू निघालं की भांडण. "लिंबू न्हवं गड्या, ईडलिंबू हाय. त्यास्नी कळवा." जिभेचं असलं इमान मी दुसरीकडे पाहिलं नाही.

काकू शेजारी गहू पाखडत "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि जेवताना पुन्हा चतकोरच. असं वर्ष गेलं. काका हरले नाहीत, मी मात्र मनातून हरलो होतो.

गेल्या महिन्यात शार्दोनेची बाटली उघडली. काकांनी घोट तोंडात फिरवला, थुंकला आणि डोळे मिटले.

"लोणी हाय. ताजं न्हाई, कढाय ठेवल्यालं. तडतड थांबलीया. फेस वर आलाय. तळाला तुपाची बेरी तांबूस व्हाय लागलीया..."

काकूंच्या हातातलं सूप थांबलं.

"...आता पार तपकिरी..."

"आवं, मग उतरवा की!" काकू ओरडल्या. "करपंल ती!"

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. काकूंनी स्वतःच्या नाकाला हात लावला. "आला वो," त्या हळूच म्हणाल्या. "खरा न्हाई, आठवणीतला. पण आला. असल्या बेरीसंगं गरम भाकरी पायजे."

काका बाटली तशीच उघडी टाकून आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापायला बसले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते कोपरापर्यंत पीठ माखून. ताटलीतल्या भाकरीला कडा चार होत्या. माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"कशी झालीया?" काकूंनी विचारलं.

काकांनी तुकडा मोडून सावकाश चावला. "खालनं करपलीया. मधी कच्ची हाय. पिठाचा वास मारतोय."

"आसू द्या," म्हणत काकूंनी ताटली पुढं ओढली आणि शेवटच्या घासापर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "दुसरी टाका."