टबाचं वरचं भोक

"आज माझ्या पाहुण्यांवर एक थेंब जरी पडला, तर आपला शेजार संपला," असं खालच्या मजल्यावरच्या फाइझाबाई जिन्यातूनच बजावून गेल्या आणि वगीदानं आधी आपल्या न्हाणीघराकडे पाहिलं.

संध्याकाळी त्यांच्या मुलीला, निहालला, बघायला मुलाकडची मंडळी येणार होती. सगळं जमलं तर लगेच फातिहाची प्रार्थना पढून लग्न पक्कं. आणि फाइझाबाईंचं न्हाणीघर नेमकं वगीदाच्या टबाखाली. टब जरा जास्त भरला, की जादा पाणी वाहून जायला ठेवलेल्या वरच्या भोकात शिरलेलं पाणी नळीत न जाता खाली ठिबकायचं. वगीदाला गुरुवारचा रोजा होता; पण आज भुकेपेक्षा त्या भोकाचीच आठवण जास्त.

"अहो, प्लंबर बोलवा."

"प्लंबर कशाला? भोकावरची जुनी जाळी काढायची, नवी बसवायची," तिचे पती रिफअत म्हणाले. "मी आयुष्यभर ट्रामगाड्या सांभाळल्यात."

"तुम्ही तिकिटं सांभाळलीत."

जाळीचा स्क्रू गंजून तिच्याशी एकजीव झाला होता. रिफअतनी तेल सोडलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि शेवटी हातोडी घेतली. जाळी निघाली. पाठोपाठ टबामागे काहीतरी ठणकन पडलं.

"काय पडलं?"

"काही नाही. जुनं होतं."

नवी जाळी चकचकीत बसली, रबरसुद्धा नवं. तेवढ्यात जिन्यात पाहुण्यांची पावलं वाजली.

"आता भरून बघू," रिफअत म्हणाले.

"आज नाही. हात जोडते."

मगरिबची अजान झाली. वगीदानं दुआ म्हणून खजूर तोंडात घातला, आणि न्हाणीघरातून नळाचा आवाज आला. ती धावली. पाणी जाळीपर्यंत चढलं होतं आणि गुमान आत चाललं होतं.

"बघ, कसं गिळतंय," रिफअत समाधानानं म्हणाले.

खालून "या अल्ला!" असा एका बाईचा दचकलेला आवाज आला. तो फाइझाबाईंचा नव्हता.

वगीदानं नळ बंद केला, पण उशीर झाला होता. थोड्याच वेळात दार वाजलं. उंबऱ्यात एक ठेंगणी बाई उभी होती. डोक्यावरच्या रुमालातून पाणी निथळत होतं.

"मी मुलाची आई. नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजू करायला गेले होते, ती वरूनच झाली," ती म्हणाली. "शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय आमच्यात फातिहा पढत नाहीत. म्हटलं, भिजलेच आहे तर आत्ताच विचारून यावं. मुलगी कशी आहे?"

वगीदाला वाटलं, आपल्या टबापायी पोरीचं लग्न मोडणार. गोडगोड काही बोलावं, तर जिभेवर रोज्याचा खजूर अजून होता. तिनं खरं तेच सांगितलं.

"आमचं पाणी आजवर कितीदा त्यांच्या घरात गेलंय, देव जाणे. दर वेळी आई भांडायला येते आणि मुलगी बादली-फडकं घेऊन येते. सगळं पुसून झालं, की यांना म्हणते, 'काका, या वेळी जवळजवळ जमलं होतं.'"

बाईनं रिफअतकडे पाहिलं. ते गुडघ्यापर्यंत भिजून, हातात पाना घेऊन उभे होते.

"स्वतः केलंत?"

"हो. जाळी उत्तम बसलीय. फक्त मागची नळी तेवढी राहिली नाही."

बाईनं रुमालाचं टोक पिळलं. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडेही असेच एक आहेत. आणि मुलगा बापावर गेलाय."

जिन्यात बादली वाजली. नव्या कपड्यांच्या बाह्या सारून निहाल वर येत होती. बाईनं बाजूला होऊन तिला वाट दिली, कठड्यावरून वाकली आणि खाली हाक मारली, "अहो, फातिहा सुरू करा. हीच मुलगी."

"जरा थांब," खालून पुरुषाचा आवाज आला. "मी यांचं छत बघतोय. किरकोळ काम आहे. फाइझाबाई, घरात हातोडी आहे का?"