निळ्या दिव्याची अचूकता

लघवीतून रक्त जाणे ही गंभीर बाब असून तिची योग्य स्तरावर दखल घेतली जाणे आवश्यक असते. आमच्या मामाच्या बाबतीत पहिली दखल मामीने घेतली. "बीट खाल्लं असेल तुम्ही," ती म्हणाली. "या घरात बीट आणलंस कधी?" असं मामाने विचारल्यावर मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि तिने मला फोन केला. मामा बस चालवतो. मी त्याचा भाचा, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत 'सोबतचा नातेवाईक'. अशा माणसाचं काम एकच, सांगतील तिथे उभं राहणं.

रुग्णालयात नुकतंच निळ्या उजेडाचं यंत्र आलं होतं. लघवीच्या पिशवीत आधी एक औषध सोडायचं, ते तासभर धरून ठेवायला लावायचं, मग दुर्बीण आत घालून निळा उजेड पाडायचा. कर्करोग असेल तर तेवढी जागा लाल चमकते. दारावर पाटी होती: 'अचूकता शंभर टक्के'. पाटीला हार घातलेला होता.

मामाची पिशवी चमकली.

"काढावी लागेल," लघवीचे डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी काढू."

"अहो डॉक्टर, माझ्या बसच्या इंजिनचा लाल दिवा कित्येक वर्षं पेटलेला आहे. म्हणून मी काय इंजिन काढून टाकलं?"

"मग काय केलंत?"

"वर चिकटपट्टी लावली."

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते रोज त्याच बसने कामावर येत.

दुर्बिणीतून काढलेला पिशवीचा तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तळघरात बसत. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहिला आणि सांगितलं, "हा कर्करोग नाही. ही नुसती सूज आहे. यांना मागे जंतुसंसर्ग झाला होता ना? सूज असली तरी ते यंत्र चमकतं." मामीने तिथेच बाईंचे हात धरले आणि रडून घेतलं. मलाही हायसं वाटलं. पण आम्ही वर येऊन पाहतो तो गुरुवार जिथल्या तिथे! यंत्र शंभर टक्के अचूक असल्यामुळे चूक तुकड्याची असणार, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. वाद मिटवायला अचूकता समिती बसली. अध्यक्ष अर्थातच अधीक्षक.

"हे शंभर टक्के काढले कसे?" बाईंनी विचारलं.

"ज्यांना कर्करोग होता, ते सगळे चमकले. एकही सुटला नाही."

"आणि ज्यांना नव्हता?"

"तेही चमकले."

"मग?"

"मग एकही सुटला नाही, हेच तर सांगतोय ना मी!" अधीक्षक टेबलावर हात आपटून म्हणाले. समितीने बाकं वाजवली.

बाईंनी तरीही हेका सोडला नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाचीच अचूकता यंत्राशी ताडून पाहण्यात आली. सूक्ष्मदर्शक सपशेल नापास झाला. त्याला दुरुस्तीला पाठवलं. दुरुस्तीवाल्याने 'काहीही बिघाड नाही' असं कळवल्यावर, सापडत नाही इतका बिघाड खोलवर गेला आहे, असा निष्कर्ष निघाला. 'जे चमकते ते आपणास का दिसत नाही' याचा खुलासा बाईंकडे मागवण्यात आला. यापुढे मतभेद नकोत म्हणून सूक्ष्मदर्शकात निळा बल्ब बसवायचंही ठरलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा मात्र ढिम्म. "जाऊ दे रे, एवढी शिकलेली माणसं आहेत."

"जाऊ दे काय?" मामी कडाडली. "भाजीची पिशवी आहे का ती, ही गेली तर दुसरी घ्यायला?"

मामाने खाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मला काय हौस आहे का गं? फाटलीय माझी." तेव्हा आम्हा तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी वरचे साहेब यंत्र पाहायला येणार होते. त्यांना एक चमकणारा आणि एक न चमकणारा अशी दोन माणसं दाखवायची होती. चमकणारा मामा तयार होता. न चमकणारा रुग्णालयाच्या इतिहासात आढळला नव्हता. शेवटी, रोज पहाटे धावतो हे भेटेल त्याला सांगणारे अधीक्षक स्वतःच पुढे सरसावले. औषध पिशवीत धरून त्यांनी स्वागताचं भाषण केलं. इतकं आटोपशीर भाषण त्या सभागृहाने कधी ऐकलं नव्हतं.

खोलीत अंधार केला. निळा दिवा लागला. पडद्यावर अधीक्षकांची पिशवी उमटली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लालेलाल झाली.

"अगंबाई!" दारातून मामी म्हणाली. "साहेबांची तर आमच्या ह्यांच्यापेक्षा लाल!"

"गुरुवारी काढू," डॉक्टर सवयीने बोलून गेले. "दोघांची एकदमच."

अधीक्षकांनी टेबलावर आडवं असतानाच समितीची तातडीची बैठक बोलावली. यंत्राची अचूकता शंभर टक्केच आहे, परंतु हे शंभर टक्के सर्वसाधारण स्वरूपाचे असून प्रत्येक व्यक्तीस लागू होतीलच असे नाही, असा ठराव एकमताने झाला. सूक्ष्मदर्शकातला निळा बल्ब काढला. तळघरातून बाईंना मानाने वर आणलं. अधीक्षकांच्या तुकड्यात त्यांना सूज दिसली.

"सूक्ष्मदर्शकाला तोड नाही, हे मी पहिल्यापासून सांगत होतो," पँट चढवत अधीक्षक म्हणाले. अधीक्षकांची पिशवी ठेवायची तर मामाची कापता येईना, म्हणून मामाही सुटला.

घरी आल्यावर मला वाटलं, मामा आता निवांत झोपेल. कसलं काय! कूस बदलत म्हणाला, "त्या बाईंनी नुसतं काचेतून पाहिलं रे. दिवा नाही, काही नाही. त्याला काय अर्थ आहे?"

"पलीकडच्या रुग्णालयात म्हणे हिरव्या दिव्याचं यंत्र आलंय," मामी म्हणाली. "एकशे दहा टक्के अचूक."

मी दोघांना हात जोडले, चिडलो, बोललो. आणि सकाळी त्यांना घेऊन गेलो. उद्या काही झालं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं ना! रांग इमारतीला वळसा घालून रस्त्यावर आली होती. अगदी पुढे, तोंडाला रुमाल बांधून, अधीक्षक उभे होते.

"एकजात सगळे मूर्ख आहेत," मी मामाच्या कानात म्हणालो.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मला तसं काहीच होत नाही," तो माणूस चाचरत म्हणाला, "पण आलोच आहे तर एकदा बघून घ्यावं म्हटलं. निरोगी माणसाला घेतात ना हो आत?"

मी वळून पाहिलं. इतका वेळ ही गोष्ट वाचत मामाला हसत होतात, आणि रांगेत तुम्हीच!