काटा खोचलेला भोपळा

एका जंगलात, बाळांनो, गाणं फार झालं होतं.

कोकीळ गाई, बुलबुल गाई, आणि सगळे अगदी सुरात गात. सकाळी उठलं की सूर, दुपारी जरा डोळा लागतोय तोच सूर. ऐकून ऐकून प्राण्यांचे कान विटले होते. तशात शहरातून एक माकड पळून आलं. त्यानं सांगितलं, की माणसांमध्ये जॅझ नावाचा गाण्याबजावण्याचा एक प्रकार असतो आणि त्यातही एक मोकळा जॅझ असतो. त्यात ताल ज्याचा त्याचा. सूर ज्याला सापडेल त्याचा. सुरुवात कुठं झाली हे कळायच्या आत शेवट येतो, आणि ऐकणाऱ्याला काही कळलं नाही, तर तो दोष ऐकणाऱ्याचा.

ही शेवटची अट जंगलातल्या कलावंतांना फार आवडली.

मग काय, ज्याला ज्याला गाता येत नव्हतं तो तो वाजवू लागला. रानडुक्कर पोकळ बांबूत फुंकू लागलं. माकडं वाळक्या शेंगा खुळखुळवू लागली. सुतारपक्षी आधीपासून तेच करत होता, त्याला आता मान मिळाला.

त्या जंगलातल्या भोपळ्यांना एक गुण होता. तुमच्या घरच्या भोपळ्याला तो नसतो, तेव्हा आईच्या पाठीमागे भोपळा फोडून बघू नका. तिथं वाळका भोपळा तोंड उघडं करून ठेवला, की समोरचा आवाज आत जाऊन बसे. मग पोळ्यातलं मेण लावून तोंड बंद करायचं. मेण काढलं, की आवाज पहिल्यापासून बाहेर. ऐकून झालं, की आपला पुन्हा आत. असे रोज नवे भोपळे निघू लागले. इतके निघाले, की कोणता ऐकावा आणि कोणता भाजीला घ्यावा, हे कळेना.

असा घोळ झाला, की कोणीतरी सांगणारा लागतो. तो मान विश्वंभरपंतांना मिळाला.

विश्वंभरपंत म्हणजे साळिंदर. बाजाराच्या दिवशी ते मोठ्या कातळावर येऊन बसत. धनेशशेठ नावाचे एक धनेश पक्षी भोपळ्यांचा व्यापार करत. ते डोंगरापलीकडून नवेनवे भोपळे चोचीत धरून आणत आणि पंतांपुढे ठेवत. पंत डोळे मिटून ऐकत. भोपळा आवडला, तर अंगावरचा एक काटा उपटून त्यात खोचत. काटा उपटताना दुखतं, बरं का. म्हणून पंत उगाच काटा देत नसत, आणि म्हणूनच काट्याला किंमत होती. काट्याच्या भोपळ्यावर प्राण्यांची झुंबड उडे.

खोटं कशाला बोला, पंतांचा कान खरा होता. त्यांना हे संगीत मनापासून आवडे. चांगला भोपळा ऐकला, की त्यांच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहत आणि सगुणाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बिळात अंग चोरून बसावं लागे.

ऐकायचं कसं, हेही पंतांनी जंगलाला शिकवलं होतं. ऐकताना बोलायचं नाही. अर्ध्यावर उठायचं नाही. आणि काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही, कारण जे होतंय ते मुद्दाम होतंय. एकदा ढोल बडवता बडवता एक म्हातारं माकड झाडावरून खाली कोसळलं. जागचं कोणी हललं नाही. माकड शुद्धीवर आलं, तेव्हा त्याला काटा मिळालेला होता.

पण अलीकडे पंतांचं काही खरं नव्हतं. पलीकडच्या कातळावर कालिंदी नावाची एक तरुण टिटवी बसू लागली होती. पंत जो भोपळा या बाजाराला नवा म्हणून सांगत, तो तिनं मागच्याच बाजारी जुना म्हणून टाकून दिलेला असे. पंतांचा काटा हल्ली बोथट झालाय, असं ससा कुठंतरी बोलला आणि ते पंतांच्या कानावर आलं. पंतांना अन्न गोड लागेना. टिटवीनं ऐकलेला नसेल असा एक तरी भोपळा हाती यावा, एवढंच त्यांच्या मनात घोळत असे.

त्याच सुमारास धोंडबा अस्वल खड्ड्यात पडला.

धोंडबाचा आणि संगीताचा काडीचा संबंध नव्हता. तो आपला मध काढून, पोळ्याचा तुकडा तोंडात आणि रिकामा भोपळा बगलेत धरून चालला होता. वाटेत माणसांनी कधीकाळी हत्ती धरायला खणलेला खड्डा होता आणि त्यावर पाचोळा साचला होता. धोंडबा थेट आत गेला. त्याचा मागचा पाय दुखावला. भिंती अशा निसरड्या, की नखं रुतेनात.

तुमच्या-आमच्यासारखाच तोही आधी ओरडला. मग कोणी येतंय का, म्हणून गप्प राहून कान देऊन बसला. मग पुन्हा ओरडला. दगडावर दगड आपटले. शेवटी अगदीच राहवेना, तेव्हा रडला. शेजारी भोपळा उघडा पडला होता. हे सगळं त्यात गेलं.

तेवढ्यात वरून धनेशशेठ चालले होते. धोंडबाला हायसं वाटलं. मी अडकलोय, असं त्यानं सांगितलं. घाईघाईनं भोपळ्याला मेण लावलं, तो उंच धरला आणि म्हणाला, हा कोणालाही नेऊन द्या, ऐकला की लोक धावत येतील.

धनेशशेठना यात नवल काही वाटलं नाही. सगळेच कलावंत आपण अडकलोय असं सांगतात, आणि आपला भोपळा ऐकून लोक धावत येतील असंही सगळ्यांनाच वाटतं. राहता राहिला खड्डा. तर मागच्याच महिन्यात एका बेडकानं डबक्याच्या तळाशी बसून भोपळा भरला होता. शेठनी माल चोचीत धरला आणि थेट पंतांचं बीळ गाठलं.

पंतांनी मेण काढलं. आधी एक हंबरडा आला. मग लांबच लांब शांतता. मग दगडावर दगड, कसलाही ताल न धरता. मग पुन्हा तो आवाज, खोल पोटातून आलेला, आणि त्यात मधूनमधून 'वाचवा', 'पाय गेला', 'कोण हाय का' असे शब्द. पंतांचे काटे ताठ उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं काही त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, आणि हे त्यांना वाटलं ते अगदी बरोबर वाटलं.

सगुणाबाई कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या, "अहो, कोणीतरी संकटात आहे असं वाटतंय."

पंतांनी कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुला एक भोपळा कळला, असं ते म्हणाले. सगुणाबाई लाजल्या. नवऱ्यानं कधी नव्हे ते कौतुक केलं होतं, ते मोडायचं त्यांच्या जिवावर आलं.

बाजाराच्या दिवशी पंतांनी सगळ्यांदेखत पाठीवरचा सगळ्यात लांब काटा उपटला आणि भोपळ्यात खोचला. "यात कोणीतरी काहीतरी मागतो आहे," ते म्हणाले. "काय मागतो आहे, ते विचारायची घाई करू नका."

कोणी केली नाही. भोपळा एकच होता, त्याच्यासमोर रांग लागली. हरणं ऐकून गेली, कोल्हे ऐकून गेले, ससा दोनदा रांगेत उभा राहिला. कालिंदी टिटवीही आली. तिनं भोपळा शेवटपर्यंत ऐकला आणि एक अक्षर न बोलता उडून गेली. त्या दिवशी पंत पोटभर जेवले.

पुढं सगळ्यांना वाटू लागलं, की भोपळ्यातलं एवढं चांगलं, तर समोर बसून ऐकलेलं किती चांगलं असेल. धनेशशेठनी जागा दाखवली. सगळं जंगल खड्ड्याच्या काठावर गोल करून बसलं.

धोंडबानं वर पाहिलं. चहूबाजूंनी ओळखीची तोंडं. त्याच्या जिवात जीव आला. तो म्हणाला, "आलात व्हय, बरं झालं. आता वर काढा मला."

कोणी हललं नाही. सशानं डोळे मिटून घेतले. एका हरिणीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, की भोपळ्यात हे नव्हतं. धोंडबाला वाटलं, लांबून ऐकू गेलं नसेल. तो आणखी मोठ्यानं ओरडला. मग विनवण्या केल्या. मग एकेकाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. ज्यांची नावं आली, ते पुढं बरेच दिवस ती गोष्ट अभिमानानं सांगत होते. शेवटी तो थकून गप्प झाला आणि सगळे ती शांतता ऐकत बसले. जाताना त्यांनी प्रेमानं उंबरं आणि केळी खाली टाकली.

असं दर बाजाराला होऊ लागलं. धोंडबा उपाशी मेला नाही, एवढंच. पण त्याचा पाय सुजत चालला आणि त्याला स्वप्नात फक्त सपाट जमीन दिसू लागली. तो ओरडेनासा झाला. हा त्याचा नवा टप्पा आहे, असं पंतांनी सांगितलं.

एक दिवस पंत एकटेच खड्ड्यावर गेले. कलावंताशी दोन शब्द बोलावेत, त्याच्या मनाची घडण जाणून घ्यावी, असं त्यांच्या मनात होतं.

"धोंडबा, ही वाट तुला सापडली कशी?"

"वाट न्हाई वो पंत. पाचोळा होता. दिसलं न्हाई, पडलो."

"पडणं मी समजू शकतो. त्यानंतर?"

"त्यानंतर पाय. बघा की, केवढा झालाय. तुम्ही समदे येता, बसता, केळी टाकता. एक वेल टाका की कुणीतरी."

पंतांनी तो पाय पाहिला. केळीच्या साली पाहिल्या. भिंतीवरचे नखांचे ओरखडे पाहिले. आणि ही हाक पहिल्यापासून खरीच होती, हे त्यांना कळलं.

आता पंतांची काय गत झाली असेल, सांगा बरं. धोंडबाला वर काढावं, तर जंगलभर बोभाटा होणार, की पंतांनी मदतीच्या हाकेला काटा दिला. टिटवी तर हसून हसून कातळावरून पडेल. न काढावं, तर धोंडबा जाईल. पंतांनी खड्ड्याला एक फेरी मारली. दुसरी मारली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. सगुणेला एका ऐकण्यात कळलं होतं, आणि आपण तिची शाबासकी देऊन बोळवण केली, हे त्यांना आठवलं. मग, सांगायला आनंद वाटतो, पंतांनी एक जाड वेल ओढून आणली, स्वतःच्या कमरेला बांधली आणि तिचं दुसरं टोक खाली सोडलं.

बाळांनो, अस्वल जड असतं आणि साळिंदर हलकं. पंतांचा अभ्यास संगीताचा होता, वजनांचा नव्हता. धोंडबानं वेलीला हिसका दिला आणि पंत भर्रकन खाली येऊन नेमके त्याच्या बुडाखाली पडले. काटे घुसताच धोंडबानं अशी काही उसळी मारली, की तो दुखऱ्या पायासकट थेट काठावर जाऊन आदळला. त्या वेळी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो टिपायला तिथं भोपळा नव्हता, याचं पंतांना तेवढ्यातही वाईट वाटलं.

धोंडबा स्वभावानं चांगला. अंगातले काटे उपटत, लंगडत तो बाजारात गेला आणि पंत खड्ड्यात पडल्याचं त्यानं सांगितलं. त्याला असा उघड्यावर, सगळ्यांसारखा उभा पाहून प्राण्यांचा जरा हिरमोड झाला. पण पंत स्वतः खड्ड्यात उतरलेत म्हटल्यावर सगळे लगबगीनं निघाले. टिटवी सगळ्यांच्या पुढं होती.

सगळे काठावर बसले. पंत खालून ओरडले, "मला बाहेर काढा. मी पडलोय. माझं अंग ठेचकाळलंय."

सगळ्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं ससा चुळबुळला. हरिणीनं जांभई दिली. मग पंत दगडावर दगड आपटू लागले, कारण मदतीसाठी दुसरं करणार काय. तेव्हा मात्र टिटवीनं मान हलवली.

"अस्वलाची नक्कल आहे," ती म्हणाली.

"नक्कल नाही, कालिंदी. मी खरोखर पडलोय."

"हे असं सांगावं लागतं, पंत, तिथंच सगळं फसतं."

आणि जंगलाच्या इतिहासात प्रथमच, सगळे अर्ध्यावर उठून गेले. कोणी एक उंबरसुद्धा टाकलं नाही.

उरले दोघं, धोंडबा आणि सगुणाबाई. सगुणाबाई धापा टाकत आत्ताच पोहोचल्या होत्या. दोघांनी मिळून एक लांब ओंडका ढकलत आणला आणि तिरका करून खड्ड्यात सोडला. तो नीट बसला. साळिंदर काय, सशाचं पिलूही चढून आलं असतं.

"अहो, चढा आता," सगुणाबाई म्हणाल्या.

पंतांनी ओंडक्यावर एक पाय ठेवला. मग काढून घेतला. त्यांनी वर पाहिलं.

"सगुणे, आधी त्या टिटवीला परत बोलाव. म्हणावं, उत्तरार्ध ऐकल्याशिवाय मत देऊ नये. उत्तरार्धात माझं अगदी स्वतंत्र आहे."

सगुणाबाई खूप वेळ काठावर बसून राहिल्या. एकदा त्यांनी हाक मारली, तर पंतांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. मग त्यांनी डोळे पुसले, धोंडबाला म्हणाल्या, चल बाबा, तुझ्या पायाला हळद लावू, आणि त्याला आधार देत घरी घेऊन गेल्या. ओंडका त्यांनी तसाच राहू दिला. खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज त्यांना बराच लांबपर्यंत ऐकू येत होता.

तात्पर्य: खड्ड्यात पडायला काहीच हरकत नाही. मात्र आपल्या आधी तिथं कोणी पडून गेलेलं नाही ना, एवढी चौकशी करून मगच पडावं.